इथेनॉलमिश्रित पेट्रोल : फायदा देशाचा, हिशेब ग्राहकाचा

दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा प्रवास करीत थेट चेन्नईपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, राजधानीपासून जवळच हरियाणातील मानेसर लागते. एके काळी अरवलीच्या पायथ्याचे एक साधे खेडे असलेले मानेसर आज देशाच्या वाहन उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. होंडा कंपनीचा भारतातील पहिला दुचाकी कारखाना येथे २००१ मध्ये सुरू झाला. मारुती सुझुकीचा दुसरा मोठा कारखाना २००७ पासून येथे उभा आहे. नव्या वाहनांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देणारी 'आयकॅट' ही केंद्र सरकारच्या प्रकल्पातून उभी राहिलेली संस्थाही येथेच आहे. हाच महामार्ग दक्षिणेकडे सातारा-कऱ्हाड-कोल्हापूरच्या पट्ट्यात पोहोचतो, तेव्हा दुतर्फा उसाचे मळे आणि साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. एका टोकाला इंजिन तयार होते, दुसऱ्या टोकाला ऊस पिकतो. आणि आज या दोघांची गाठ पडते ती आपल्या गाडीच्या टाकीत.

देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २०२५ या वर्षात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. मुळात हे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठरविण्यात आले होते. पाच वर्षे आधी ते गाठले गेले, ही कामगिरी निःसंशय मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि, कोणत्याही व्यवहाराला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, हे बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. या व्यवहाराची जमेची बाजू सर्वत्र मोठ्या अक्षरांत मांडली जाते. नावेची बाजू मात्र ज्याच्या खात्यातून वसूल होते, त्या जुन्या गाडीच्या मालकाला तिचे विवरण कोणी देत नाही. इथेनॉलचे धोरण योग्य आहे, परंतु त्यातील ग्राहकाचा हिशेब अपुरा राहिला आहे, हे प्रस्तुत लेखातील प्रतिपादन आहे.

मळीपासून इंधनापर्यंत

मद्यार्क इंधन म्हणून वापरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' हा कायदा संमत झाला होता. त्याच सुमारास पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याची उभारणी होत होती. पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले आणि साखरेबरोबर मळीही अमाप तयार होऊ लागली. या मळीचे करायचे काय, हा कारखान्यांपुढील जुना प्रश्न होता. दारू आणि रसायन उद्योग यांपलीकडे तिला फारशी बाजारपेठ नव्हती.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांतील दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ होता. त्यांच्या अनुभवावरून १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाची योजना लागू झाली. मात्र त्यानंतरची दहा वर्षे ही योजना रखडत चालली. इथेनॉलचा भाव कोणी ठरवायचा, राज्यांचे कर किती असावेत, पुरवठा कोठून करायचा, या वादांत २०१३-१४ पर्यंत प्रत्यक्ष मिश्रण जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास राहिले.

खरी गती आली ती त्यानंतर. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने इथेनॉलचे खरेदीदर स्वतः ठरविण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. इथेनॉलवरील वस्तू व सेवा कर त्याच वर्षी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. आसवनी प्रकल्पांच्या कर्जावर व्याज सवलतीची योजनाही तेव्हाच जाहीर झाली. आपल्या बँकिंग क्षेत्राने या योजनेखाली कारखान्यांना मोठी कर्जे दिली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेच. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा ठरल्या वेळेच्या पाच महिने आधी पार पडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूर येथून २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची, म्हणजे 'ई-२०' ची, विक्री सुरू झाली.

जमेची बाजू

या प्रवासाचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आपला देश गरजेच्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून विकत घेतो. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, २०१४-१५ पासून इथेनॉल मिश्रणामुळे सुमारे १.४४ लाख कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले आणि सुमारे २४५ लाख टन खनिज तेलाची जागा देशी इंधनाने घेतली.

दुसरा लाभ ऊस उत्पादकांचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर भाव मिळाला पाहिजे. परंतु साखर ही हंगामात तयार होते आणि वर्षभर विकली जाते. गोदामात पडून राहिलेल्या साखरेतून चौदा दिवसांत पैसे उभे राहत नाहीत, आणि थकबाकी वाढत जाते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तुलनेने लवकर मिळतात. कारखान्याच्या खात्यात वेळेवर आलेला पैसा शेतकऱ्याच्या खात्यात आणि तेथून गावच्या बाजारात पोहोचतो. ग्रामीण शाखांतील आपल्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले आहे.

तिसरा लाभ हवेचा. २०२१ च्या जूनमध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, ई-२० वापरल्यास कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन दुचाकींत सुमारे ५० टक्के आणि चारचाकींत सुमारे ३० टक्के कमी होत असल्याचे नमूद आहे. हिवाळ्यात धुरक्याने गुदमरणाऱ्या दिल्ली-मानेसर परिसराला याचे महत्त्व सांगायला नको. त्याच अहवालात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत निश्चित कल दिसला नाही आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडचे प्रमाण वाढलेले आढळले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

इंजिनाच्या पोटात काय घडते?

आता इंजिनाकडे वळू. इथेनॉल हे चांगले इंधन आहे. फक्त ते पेट्रोलपेक्षा वेगळे इंधन आहे. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणजे शंभराच्या वर असतो. म्हणजे अधिक दाबाखालीही ते वेळेआधी पेट घेत नाही, आणि इंजिनात 'नॉकिंग'चा ठोका येत नाही. ज्या इंजिनाचे दाब-गुणोत्तर या गुणाचा फायदा घेण्यासाठी मुद्दाम वाढविलेले असते, ते इंजिन ई-२० वर अधिक जोमाने चालते.

परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच सामावलेला असतो. तेवढा भाग जळण्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणूनच मिश्रण वाढले की प्रत्येक लिटरमागे गाडी थोडी कमी धावते. यात कोणाची लबाडी नाही. हा रसायनशास्त्राचा साधा हिशेब आहे. नीती आयोगाच्या अहवालात हे आकडे दिलेले आहेत. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींत ई-२० मुळे इंधन-कार्यक्षमता सुमारे ६ ते ७ टक्के घटते, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के घटते, आणि १० टक्क्यांसाठी घडवून २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींत ही घट केवळ १ ते २ टक्के असते.

दुसरा प्रश्न हवेच्या प्रमाणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. नव्या गाड्यांत धुराच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक इंधनाची मात्रा आपोआप वाढवितो. जुन्या दुचाकींतील कार्ब्युरेटरला ही जाण नसते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यानंतर दुचाकींतही इंधन इंजेक्शन सार्वत्रिक झाले. पण त्यापूर्वीच्या असंख्य मोटारसायकली आणि स्कूटर अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या इंजिनांत मिश्रण 'पातळ' होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. अशी गाडी थंडीत सुरू होताना कुरकुरते आणि अधिक तापण्याची शक्यता असते.

तिसरा प्रश्न सुट्या भागांचा. २०१४-१५ मध्ये पुण्याची 'अराई', देहरादूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र यांनी मिळून जुन्या गाड्यांवर ई-२० चे प्रयोग केले. धातूंच्या भागांना बाधा झाली नाही, इंजिन बंद पडण्याच्या किंवा सुरू न होण्याच्या तक्रारी आल्या नाहीत. मात्र तपासलेल्या काही रबरी पदार्थांची कामगिरी ई-२० मध्ये घसरली आणि एका प्रकारच्या नायलॉनची ताकद कमी झाली. इंधनाच्या नळ्या, वायसर आणि सील यांच्यासाठी असेच पदार्थ वापरलेले असतात. सारांश, 'इंजिनाची राखरांगोळी होईल' हा समाजमाध्यमांवरील गवगवा जितका चुकीचा, तितकेच 'काहीच फरक पडत नाही' हे आश्वासनही अपुरे आहे.

चौथी गोष्ट पाण्याची. शुद्ध पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरले तर ते तळाशी वेगळे राहते. इथेनॉल मात्र पाणी शोषून घेते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसते. म्हणूनच मिश्रणासाठी किमान ९९.५ टक्के शुद्धतेचे, जवळजवळ निर्जल इथेनॉल वापरावे लागते. पंपांच्या भूमिगत टाक्या पावसाळ्यात कोरड्या ठेवणे ही विक्रेत्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे.

मानेसरच्या प्रमाणपत्राची मर्यादा

या प्रश्नांवर वाहन उद्योगाकडे उत्तर आहे, आणि ते चांगले आहे. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांतील नळ्या, सील, पंप हे ई-२० ला टिकणाऱ्या पदार्थांचे असतात आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनेही ई-२० साठी जुळविलेली असावीत, असा नीती आयोगाच्या आराखड्यातील क्रम होता. गाडीचे नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी मानेसरच्या आयकॅटसारख्या किंवा पुण्याच्या अराईसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासले जाते. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार गाडी कोणत्या मिश्रणाला चालते, हे उत्पादकाने जाहीर करून गाडीवर दिसेल असे लिहायचे आहे. उद्योगाची नजर तर त्याही पुढे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालणाऱ्या वॅगन-आर गाडीचा नमुना दिल्लीत सादर केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने तशाच क्षमतेची मोटारसायकल बाजारात आणली.

तेव्हा आज नवी गाडी घेणाऱ्याने चिंता करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो एप्रिल २०२३ पूर्वी घेतलेल्या कोट्यवधी गाड्यांचा. त्यांनाही त्या-त्या वेळी रीतसर प्रमाणपत्र मिळाले होते. पण ते त्या काळच्या इंधनासाठी. गाडी तीच राहिली, इंधन बदलले. आणि अशा गाड्यांचे मालक कोण आहेत? दहा वर्षांपूर्वीच्या स्कूटरवर शाळेत जाणाऱ्या शिक्षिका, मोटारसायकलवर दुधाचे कॅन नेणारे दूधवाले, कुटुंबासाठी जुनी मोटार घेतलेले निवृत्त कर्मचारी. नवी गाडी घेण्याची ऐपत ज्यांच्याकडे सर्वांत कमी, त्यांच्याच गाड्या सर्वांत जुन्या असतात.

ग्राहकाच्या वहीतील नोंद

एक साधे उदाहरण घेऊ. शुद्ध पेट्रोल तर आपल्या पंपांवरून केव्हाच गेले होते. तेव्हा तुलना १० टक्क्यांशी करणेच न्याय्य ठरेल. समजा, एखादी जुनी मोटार १० टक्के मिश्रणावर लिटरला १५ किलोमीटर धावते आणि ई-२० वर साडेचौदा. महिन्याला ९०० किलोमीटर प्रवास असेल, तर पूर्वी ६० लिटर लागत, आता सुमारे ६२ लागतील. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर महिन्याला दोनशे आणि वर्षाला सुमारे चोवीसशे रुपयांचा बोजा वाढतो. शिवाय एखादी नळी किंवा सील वेळेआधी बदलावे लागले, तर तो खर्च वेगळा. ही रक्कम एखाद्याचे घर बुडविणारी नाही. पण आवर्ती ठेवीत दरमहा दोनशे रुपये भरणारा खातेदार आपल्या शाखेत असतो आणि त्या दोनशे रुपयांचे मोल आपण जाणतो.

हा भुर्दंड पडणार, हे सरकारी तज्ज्ञांना माहीत नव्हते असे नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात, ऊर्जेतील घट भरून निघावी म्हणून मिश्रित पेट्रोलचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा आणि त्यासाठी कर सवलत द्यावी, असे सुचविले होते. उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. ही शिफारस मात्र मागेच राहिली. सरकारचे यावरील उत्तर असे की, त्या अहवालाच्या वेळी इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता ते महागले आहे. वाहतूक आणि कर धरून ३१ जुलै २०२५ रोजी त्याची सरासरी किंमत लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती. हे उत्तर आकड्यांपुरते खरे आहे. मक्यापासूनच्या आणि उसापासूनच्या इथेनॉलला दिलेले चढे भाव शेतकऱ्याच्या हिताचे आहेत, यावरही दुमत नाही. परंतु देशाचे परकीय चलन वाचते आणि शेतकऱ्याला भाव मिळतो, तर त्याची किंमत संपूर्ण देशाने वाटून घ्यावी. ती जुन्या गाडीच्या मालकाकडून, त्याला न सांगता, लिटरमागे वसूल होणे न्याय्य नाही.

येथे इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडेल. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेल्या नव्या गाड्यांसाठी. जुन्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल त्याच काळात मिळत राहिले आणि फेब्रुवारी २००० मध्ये ते देशभरातून बंद झाले. म्हणजे दोन इंधने सुमारे पाच वर्षे शेजारी शेजारी विकली गेली. ब्राझीलने १९७५ मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००३ पासून तेथे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या बाजारात आल्या. तेथील पंपावर मिश्रित पेट्रोल आणि शुद्ध इथेनॉल हे दोन्ही वेगवेगळ्या भावांनी मिळतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते घ्यावे, हा हिशेब तेथील सामान्य वाहनचालकाला तोंडपाठ असतो. तेथेही साधे पेट्रोल इथेनॉलविना मिळत नाही, हे खरे. आणि २०२५ च्या ऑगस्टपासून तेथील सक्तीचे मिश्रण ३० टक्क्यांवर गेले आहे. पण तेथे ग्राहकाच्या हाती गाडीही तशी आहे आणि भावाची तुलनाही आहे.

आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, या मागणीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. मात्र न्यायालयात टिकले नाही म्हणून धोरणकर्त्यांनी त्याचा विचारच करू नये, असे नाही.

कारखान्याच्या वहीतील नोंद

हिशेबाची ही अपूर्णता केवळ पंपावर दिसते असे नाही. व्याज सवलतीच्या योजनेवर विसंबून महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांनी आसवन्या उभारल्या. ७ डिसेंबर २०२३ रोजी, साखरेच्या टंचाईच्या भीतीने, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास ऐन हंगामात मनाई झाली. काही दिवसांत ती अंशतः सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण उठली. दरम्यान कर्जाचे हप्ते थांबले नव्हते. याच काळात मक्यापासूनच्या इथेनॉलचा वाटा झपाट्याने वाढला; २०२५-२६ च्या वर्षासाठी तेल कंपन्यांनी केलेल्या वाटपात ऊस आणि मळीपासूनच्या इथेनॉलचा वाटा तीस टक्क्यांहूनही कमी राहिला. कर्ज देणाऱ्या बँकेला प्रकल्पाचे आयुष्य दहा वर्षांचे धरावे लागते. धोरणाचे आयुष्य एका हंगामाचे असेल तर तो ताळेबंद जुळणार कसा?

पाण्याची नोंदही याच पानावर हवी. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असा अंदाज नीती आयोगाने दिला आहे. दुष्काळी तालुक्यांतील विहिरींचे तळ पाहिलेल्या महाराष्ट्राने हा आकडा लक्षात ठेवावा. साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या मळीपासून टनामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते. थेट रसापासून सुमारे सत्तर लिटर मिळते, पण मग साखर मिळत नाही. मळीचा उपयोग हा टाकाऊतून टिकाऊ. निव्वळ इंधनासाठी नवा ऊस लावणे ही वेगळी गोष्ट. ठिबक सिंचनाशिवाय ऊस नको, ही अट इथेनॉलच्या धोरणाला जोडली गेली पाहिजे.

काय व्हावे?

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'मुख्य माहिती पत्रक' बंधनकारक केले आहे. कर्जाचा वार्षिक दर, शुल्क, एकूण खर्च, हे सारे ग्राहकाला सोप्या भाषेत एका ठिकाणी, सहीपूर्वी सांगावे लागते. त्यामुळे बँकांचा व्यवसाय बुडाला नाही, विश्वास वाढला. इंधनाच्या बाबतीत असेच तत्त्व का नसावे? माझ्या मते तीन गोष्टी ताबडतोब शक्य आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक पंपावर, प्रत्येक नळीजवळ, इथेनॉलचे प्रमाण मराठीत आणि स्थानिक भाषेत ठळकपणे लिहावे. आज अनेक ठिकाणी ते शोधूनही सापडत नाही.

दुसरी गोष्ट, आयकॅट आणि अराई या सार्वजनिक पैशांतून उभ्या राहिलेल्या संस्थांनी, उत्पादकांच्या सहकार्याने, २०२३ पूर्वीच्या गाड्यांची मॉडेलवार यादी प्रसिद्ध करावी: कोणती गाडी ई-२० ला चालते, कोणत्या गाडीचे कोणते भाग बदलावे लागतील आणि त्याला किती खर्च येईल. ही माहिती कोणाच्या तरी कपाटात असणारच. ती ग्राहकाच्या हाती आली पाहिजे.

तिसरी गोष्ट, जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोपर्यंत काही वर्षांसाठी, एक तर १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर मिळावे, किंवा ई-२० च्या भावात ऊर्जेच्या घटीइतकी कर सवलत मिळावी. दोन्ही शक्य नसेल, तर सुटे भाग बदलण्यासाठी साहाय्य तरी मिळावे. २० टक्क्यांच्या पुढचा टप्पा हाती घेण्यापूर्वी हा जुना हिशेब मिटविणे अगत्याचे आहे.

ग्राहक म्हणून आपणही काही पथ्ये पाळावीत. गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि इंधन झाकणाजवळ कोणते मिश्रण लिहिले आहे, ते पाहावे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. ई-२० वापरल्याने वाहन विमा रद्द होत नाही, असा खुलासा सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. त्यामुळे अफवांवर विश्वास ठेवू नये. आणि जुने वाहन विकत घेण्यासाठी कर्ज काढत असाल, तर त्याच्या निर्मितीचे साल पाहताना एप्रिल २०२३ ही तारीख ध्यानात ठेवावी. कर्ज विभागातील सहकाऱ्यांनीही ही गोष्ट ग्राहकाला आपणहून सांगावी, अशी विनंती आहे.

देशाच्या हिताचे काम म्हटले की सामान्य माणूस पदरमोड करायला सहसा मागे राहत नाही. त्याची अपेक्षा इतकीच असते की, आपण किती दिले आणि ते कशासाठी गेले, याची पावती मिळावी. उसाच्या मळ्यापासून मानेसरच्या कारखान्यापर्यंत साऱ्यांचा हिशेब मांडला गेला आहे. पंपावर रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकालाही त्याची पावती मिळाली, तर हे धोरण केवळ यशस्वी न ठरता सर्वांना आपले वाटेल.